डायलवरचा आकडा म्हणजे खताचा डोस नव्हे: लॉनला स्प्रेडरने खत देताना

पहिला चांगला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की इंदूरच्या कॉलन्यांमधल्या काही लॉन्सवर पट्टे उमटतात. एक गडद हिरवा, त्याला लागून एक फिका पिवळट, मग पुन्हा गडद. फाटकाजवळ किंवा नळाजवळ एखादा वीतभर तपकिरी, जळालेला डाग. हा कोणता रोग, असे लोक विचारतात. रोग नसतो आणि कीडही नसते. गडद पट्ट्यात खत पडलेले असते, फिक्या पट्ट्यात ते पोचलेलेच नसते, आणि डागाच्या जागी मशीन भरताना खत सांडलेले असते.

दाणेदार खत सगळीकडे सारखे पडावे म्हणून चाकांचे स्प्रेडर आता ऑनलाइन सहज मिळतात. बऱ्याच सोसायट्यांनी ते घेतलेही आहेत, तरी पट्टे गेलेले नाहीत. डायलवर १ ते १० असे काहीतरी आकडे असतात, खताच्या गोणीवर तीन निराळेच आकडे असतात, आणि या दोहोंचा मेळ कसा घालायचा ते कुठेच छापलेले नसते. परदेशी मशीनच्या पुस्तिकेतला तक्ता तिथल्या खतांसाठी केलेला असतो. आपल्या दुकानातला निमकोटेड युरिया किंवा १५:१५:१५ हे मिश्र खत त्यात सापडत नाही.

एवढे पक्के लक्षात घ्या: स्प्रेडर खत पसरवतो, मोजत नाही. डायल फक्त भोक किती उघडेल ते ठरवतो. मोजण्याचे काम वजनकाटा आणि फूटपट्टी घेऊन आपल्यालाच करावे लागते. ते एकदा नीट केले की पुढची काही वर्षे सोपी जातात.

## गोणीवरचे तीन आकडे

हे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. लॉनच्या हिरवेपणाशी सर्वात थेट संबंध नत्राचा असतो, म्हणून डोस नत्रावरून काढायचा. युरियात नत्र ४६ टक्के, डीएपीत (स्फुरदासाठी देतात ते डायअमोनियम फॉस्फेट) १८, अमोनियम सल्फेटमध्ये साधारण साडेवीस. २०२३ मध्ये आलेल्या गंधकाचा थर दिलेल्या ‘युरिया गोल्ड’मध्ये ३७.

लवकर विरघळणारे खत असेल तर दर चौरस मीटरला एका वेळी अडीच ग्रॅम नत्र हा सुरक्षित डोस आहे. पाच ग्रॅम ही वरची हद्द, आणि तीही भरपूर पाणी देता येत असेल तरच. आपल्याकडे प्लॉट चौरस फुटांत मोजतात. १००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, म्हणजे एका वेळच्या हप्त्याला साधारण २३० ग्रॅम नत्र. आता २३० ला खताच्या टक्केवारीने भागा आणि १०० ने गुणा. युरिया असेल तर ५०० ग्रॅम येतो, १५:१५:१५ असेल तर दीड किलो, अमोनियम सल्फेट असेल तर अकराशे ग्रॅमच्या जरा वर.

हा ५०० ग्रॅमचा आकडा पाहून बरेच जण चमकतात, कारण त्यांनी आजवर तेवढ्याच जागेत दोन-अडीच किलो युरिया टाकलेला असतो. युरियाची गोणी ४५ किलोची असते. १००० फुटांच्या लॉनला वर्षाला पाच हप्ते दिले तरी ती अठरा वर्षे पुरेल. त्यातून ही गोणी सरकारी अनुदानाची असते, शेतीसाठी असते, आणि खरिपात माळव्यातल्या शेतकऱ्याला ती रांगेत उभे राहून मिळवावी लागते. शोभेच्या गवतासाठी गोणी घरात रचून ठेवणे मुळीच बरोबर नाही. बागेसाठी मिळणारे एक-दोन किलोचे पाकीट एका घराला पुरते.

जमलेल्या जुन्या लॉनला दर वेळी डीएपी देण्याचीही गरज नसते. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही, साचत जाते. नवे लॉन लावताना त्याचा उपयोग आहे. नंतर माती तपासून कमी निघाले तरच द्यावे.

## मशीनच्या आत काय चालते

वर निमुळता डबा असतो, त्याला हॉपर म्हणतात. डब्याच्या तळाला भोके, आणि भोकांखाली सरकणारी पट्टी, म्हणजे शटर. मुठीजवळचा दांडा ओढला की शटर उघडते, आणि ते कुठवर उघडेल याची मर्यादा डायल ठरवतो. डब्यात तळाशी एक काडी फिरत असते. ती दाणे ढवळत राहते, म्हणजे भोकावर कमान धरून ते अडकत नाहीत. भोकातून दाणे खालच्या पात्यांच्या चकतीवर पडतात आणि चकती त्यांना पंख्यासारखी समोर व दोन्ही बाजूंना फेकते. चकतीला मोटर नसते. चाकाच्या आसावरच्या गिअरने ती फिरते.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. चाक थांबले की चकती थांबते, पण शटर उघडे असेल तर भोकातून दाणे गळतच राहतात. वळताना दोन सेकंद थबकले की त्या जागी मूठभर खताचा ढीग होतो. लॉनच्या टोकांना ओळीने दिसणारे जळके डाग याचेच असतात. म्हणून चालायला लागल्यावर शटर उघडायचे आणि थांबण्याआधी बंद करायचे. हा क्रम हाताला वळण लागेपर्यंत रिकाम्या मशीनवर घोटून घ्यावा.

दुसरी गोष्ट चालण्याच्या वेगाची. भोकाच्या डबीने रांगोळीची रेघ ओढताना डबीतून रांगोळी एकाच चालीने पडत असते. हात सावकाश सरकला तर रेघ जाड येते, भरभर सरकला तर विरळ. स्प्रेडरचे तसेच आहे. डायल पाचवर असला तरी रमतगमत चालणारा आणि तरातरा चालणारा असे दोघे एकाच जमिनीवर निराळा डोस टाकतात. चकतीच्या मशीनमध्ये हा फरक आणखी वाढतो, कारण सावकाश चालले की चकतीही सावकाश फिरते, दाणे कमी लांब जातात, आणि जास्त खत कमी रुंदीत पडते.

म्हणून वेग ठरवून घ्यायचा. ५० फूट अंतर १२ सेकंदांत काटणे ही बेताची, न थकवणारी चाल आहे. जो माणूस मशीन मोजतो त्यानेच ते चालवावे. मोजणी मुलाने केली आणि खत माळ्याने टाकले, तर ती मोजणी फुकट जाते.

## कोणते मशीन कोणाला

बाजारात तीन प्रकार आहेत. चकतीचे चाकांवरचे मशीन, सरळ खाली खत सोडणारे मशीन, आणि हातात धरून दांडा फिरवायचे छोटे मशीन.

सरळ सोडणाऱ्या मशीनमध्ये चकती नसते. दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यातच खत पडते, एक दाणाही फरशीवर जात नाही. पण दोन फेऱ्यांमध्ये दोन इंच जागा सुटली तर तेवढीच पिवळी रेघ राहते, आणि फेऱ्या दोन इंच एकमेकींवर चढल्या तर तेवढी जळकी. चकतीचे मशीन या बाबतीत क्षमाशील आहे. त्याचा फेक मधे दाट आणि कडेला विरळ होत जातो, त्यामुळे शेजारच्या दोन फेऱ्यांच्या विरळ कडा एकमेकींत मिसळतात.

सोसायटीच्या तीन-चार हजार फुटांच्या बागेला चकतीचे चाकांवरचे मशीन योग्य. बंगल्यासमोरच्या ४००-५०० फुटांच्या लॉनसाठी मात्र चाकांचे मशीन घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वळायलाच जागा नसते, आणि निम्मे खत ओट्यावर जाते. तिथे हातातले छोटे मशीन चालते. नाहीतर पुढे सांगितलेली हाताने फोकण्याची, म्हणजे मुठीने विखरून टाकण्याची पद्धत.

## मोजणी: आधी रुंदी, मग वजन

चकतीचे मशीन दहा फुटांपर्यंत दाणे फेकताना दिसले म्हणून दहा फुटांवर पुढची फेरी घ्यायची नसते. कडेचे ते चार दाणे म्हणजे डोस नव्हे. आपल्याला हवी असते कामाची रुंदी, म्हणजे मधल्या प्रमाणाच्या निम्मे खत जिथे पडते तिथपासून दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेपर्यंतचे अंतर.

ती काढायला सोसायटीचे पार्किंग चांगले. झाडून कोरडे करा. मिठाईचे रिकामे खोके एका ओळीत, एकेक फुटावर, मधल्या चाकवाटेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मांडा आणि एक मधोमध, दोन चाकांच्या मधे ठेवा. मधला खोका इतका बुटका हवा की मशीन त्याच्यावरून न अडकता जाईल. खोक्यात दाणे उसळून बाहेर पडतात, म्हणून तळाला जुन्या टॉवेलचा तुकडा घाला. मशीन पंधरा फूट आधीपासून चालवत आणा, वेग धरा, शटर उघडा, ओळीवरून पुढे जा. एकाच दिशेने तीन-चार वेळा. मग प्रत्येक खोक्यातले दाणे सारख्या मापाच्या बारीक काचेच्या बाटल्यांत ओता. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या यासाठी अगदी चपखल. बाटल्या खोक्यांच्याच क्रमाने उभ्या केल्या की खताचा उतार डोळ्यांसमोर दिसतो.

समजा मधल्या बाटलीत दाणे २० मिलिमीटर चढले, आणि डावीकडे तीन फुटांवर व उजवीकडे तीन फुटांवर १०. मग कामाची रुंदी सहा फूट. पुढच्या सगळ्या फेऱ्या सहा-सहा फुटांवर. डावीकडे दोन फुटांवरच १० आणि उजवीकडे चार फुटांवर १० आले तर फेक एका बाजूला ओढला आहे. आधी चकतीची पाती पाहा. जुने ओले खत चिकटून एखादे पाते जाड झालेले असते. मग मशीन ढकलताना मूठ फार वर किंवा खाली जात नाही ना ते पाहा, कारण चकती जमिनीशी समतल राहायला हवी. तरी फरक राहिला तर काही मशीनमध्ये भोकांची जागा डावी-उजवीकडे सरकवायची कळ असते, ती थोडी हलवून पुन्हा खोके मांडा.

आता वजन. सहा फूट रुंदी आणि ५० फूट लांबी म्हणजे ३०० चौरस फूट. १५:१५:१५ आपल्याला १००० फुटांना दीड किलो द्यायचे आहे, पण ते एका दमात द्यायचे नाही. निम्मे उभे, निम्मे आडवे. म्हणजे एका दिशेला १००० फुटांना ७५० ग्रॅम आणि ३०० फुटांना २२५ ग्रॅम. डब्यात मोजून दोन किलो घाला, डायल मशीनच्या सर्वात लहान दोन-तीन आकड्यांवर ठेवा, ५० फूट चाला, शटर बंद करा आणि उरलेले खत पुन्हा काट्यावर ठेवा. १७०० ग्रॅम उरले तर ३०० पडले, म्हणजे हव्यापेक्षा तिसरा हिस्सा जास्त. डायल एक घर मागे घ्या आणि पुन्हा चाला. २१५ ते २३५ च्या मधे आले की पुरे, त्याहून नेमके हे मशीन करू शकत नाही. पार्किंगमध्ये पडलेले खत झाडून परत गोणीत जाते, वाया जात नाही.

प्रत्येक खताला ही मोजणी वेगळी. युरियाचे मणी गोल, गुळगुळीत, साधारण १ ते २.८ मिलिमीटरचे. ते एकाच भोकातून भराभर निसटतात. डीएपीचे दाणे ४ मिलिमीटरपर्यंत मोठे आणि जड, ते लांब जातात. त्यामुळे १५:१५:१५ साठी ठरवलेल्या आकड्यावर युरिया घातला, तर भोक तेच असूनही नत्र तिपटीहून जास्त पडू शकते. लॉन जळण्याचे सर्वात नेहमीचे कारण हेच.

## प्रत्यक्ष टाकताना

गवत कोरडे हवे. पाने ओली असली की दाणे त्यांना चिकटतात, तिथेच विरघळतात आणि त्यातले क्षार पानातले पाणी ओढून घेतात. दुसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी ठिपके दिसतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दव उडाल्यावर किंवा संध्याकाळी ऊन कलल्यावर काम करावे. एप्रिल-मेच्या दुपारी नाही.

डबा कधीही लॉनवर उभा करून भरू नये. फरशीवर किंवा जुन्या चादरीवर मशीन ठेवा, शटर बंद आहे हे बोट लावून पाहा, मगच खत ओता. ढेकळे हाताने फोडून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढून टाका. एक ढेकूळ भोकात बसले की मशीन चालत राहते, खत पडत नाही, आणि ते तुम्हाला दहा दिवसांनी कळते. म्हणून दर फेरीनंतर डब्यात डोकावायचे.

आधी दोन्ही टोकांना एकेक आडवी फेरी मारून ठेवा. ती तुमची वळायची जागा. मग उभ्या फेऱ्या घ्या आणि त्या टोकाच्या पट्ट्यात शिरताच शटर बंद करा. सहा फुटांची खूण म्हणून दोन्ही टोकांना विटांचे तुकडे ठेवा, नजरेवर विसंबू नका. सगळ्या उभ्या फेऱ्या झाल्या की उरलेले निम्मे खत आडव्या फेऱ्यांत. एका दिशेला राहिलेली कमी-जास्त दुसरी दिशा बरीच भरून काढते.

फरशी, ओटा आणि रस्त्याच्या कडेने जाताना त्या बाजूचा फेक अडवणारा मशीनचा कडेचा पडदा खाली करा. नसेल तर तेवढी दोन फुटांची पट्टी हाताने घ्या. बाहेर पडलेले दाणे झाडूने परत गवतात ढकलायचे, पाइपाने धुवायचे नाहीत. धुतलेले खत पावसाळी नालीतून कान्ह नदीत जाते आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. नत्र आणि स्फुरद पाण्यात गेले की शेवाळ माजते आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. शहराने या नदीत जाणारे सांडपाणी अडवायला इतके कष्ट घेतले आहेत, त्यावर आपल्या लॉनचे खत सोडायचे नाही, एवढे भान प्रत्येक घराला ठेवता येते.

हातमोजे घाला. पाणी देऊन गवत सुकेपर्यंत मुलांना आणि कुत्र्याला लॉनवर सोडू नका.

## लगेच पाणी का, आणि किती

युरिया जमिनीवर नुसता पडून राहिला तर मातीतली विकरे (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतात आणि तो हवेत उडतो. माती विम्लधर्मी असली की हे नुकसान वाढते, आणि माळव्याची काळी माती बहुतेक ठिकाणी तशीच, ७.५ ते ८.५ सामूची (पीएच) आहे. खत टाकल्यावर त्याच दिवशी सहा मिलिमीटर पाणी दिले की दाणे विरघळून मुळांकडे उतरतात. सहा मिलिमीटर म्हणजे १००० फुटांना सुमारे ५६० लिटर. नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा. ती एका मिनिटात भरत असेल तर पाइप फिरवत साधारण ३७ मिनिटे पाणी द्यायचे. नर्मदेच्या नळाला पाणी येण्याचा दिवस पाहूनच खताचा दिवस ठरवावा. टाकीत पाणी नसेल तर त्या दिवशी खत टाकू नये.

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. कोरडी असताना तिला भेगा पडतात आणि ओली झाली की ती फुगून पाणी आत घेईनाशी होते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या लॉनवर खत टाकले तर दाणे भेगांत घरंगळतात. भेगेच्या काठचे गवत जळते, बाकीचे उपाशी राहते. आदल्या दिवशी लॉन भिजवून भेगा मिटू द्याव्यात, पाने सुकू द्यावीत, मग खत. नंतरचे पाणी एकदम न देता अर्ध्या तासाच्या अंतराने दोन पाळ्यांत द्यावे, नाहीतर ते वरून वाहून जाते.

‘पाऊस येणारच आहे, त्याच्या आधी टाकून देऊ’ हा विचार रिमझिम पावसासाठी ठीक. जून-जुलैत इंदूरला तासाभरात धो धो कोसळणारा पाऊस येतो, तो खत नालीत नेतो. असा अंदाज असेल तर थांबा. पावसाळ्यात मशीन भरून ठेवण्याचीही सोय नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतूनच पाणी ओढतो आणि डब्यात त्याची खडी होते.

## ‘आमचा माळी वर्षानुवर्षे हाताने फोकतो’

आणि चांगला फोकतो, यात शंका नाही. अडचण प्रमाणाची आहे. १००० फुटांना ५०० ग्रॅम युरिया दोन दिशांत द्यायचा म्हणजे एका वेळी चौरस मीटरला पावणेतीन ग्रॅम, पाऊण चमचा. मुठीत साधारण ५० ग्रॅम मावतो. ती एक मूठ जवळजवळ २०० चौरस फुटांवर सारखी जायला हवी. कितीही सरावलेला हात असला तरी ते होत नाही.

यावर जुना, खरा उपाय आहे. युरियात दहापट कोरडी, चाळलेली वाळू मिसळायची, म्हणजे मुठींची संख्या वाढते. लॉनचे दोरीने चार सारखे भाग करायचे, मिश्रणाचे चार सारखे वाटे वजन करून घ्यायचे, आणि प्रत्येक भागात निम्मा वाटा उभा, निम्मा आडवा फोकायचा. पहिल्या भागात चुकून जास्त पडले तरी चूक तिथेच थांबते. लहान लॉनला एवढे पुरेसे आहे.

हीच वाळूची युक्ती चकतीच्या मशीनमध्ये मात्र करू नये. ढवळण्याने आणि धक्क्यांनी जड-हलके दाणे डब्यातच वेगळे होतात, आणि चकतीवरून जड दाणे लांब, हलके जवळ पडतात. दोन खते एकत्र करून घालण्याचेही तेच. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट तर एकमेकांत मिसळले की काही तासांत ओलसर चिखल होतो.

## ‘शेणखत, कंपोस्ट पुरे नाही का?’

कंपोस्टबद्दल इंदूरकरांना निराळे सांगायला नको. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्याच संशोधन संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. काळ्या मातीचा घट्टपणा मोडायला कंपोस्टसारखे दुसरे काही नाही, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, पाव इंच चाळलेला थर लॉनला दिलाच पाहिजे. पण त्यात नत्र एक-दीड टक्का असते आणि ते सावकाश सुटते. मार्चमध्ये थंडी सरल्यावर किंवा सततच्या पावसाने गवत पिवळे पडल्यावर थोडे दाणेदार खत लागते. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

कंपोस्ट स्प्रेडरमधून जात नाही. ओलसर असते, भोकात बसते. घमेल्याने टाकून खराट्याने पसरावे. निंबोळी पेंडीची भुकटीही जात नाही. दाणेदार पेंड मिळाली तरच घाला.

## ‘परदेशी व्हिडिओत तर चुना आणि लोहसुद्धा टाकतात’

तिथल्या बऱ्याच भागांत माती आम्लधर्मी आहे, म्हणून चुना. आपल्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते. इथे चुना टाकला तर लोह आणखी अडकते आणि गवत पिवळे पडते. लोहाचे दाणे मातीत टाकूनही फारसा फायदा होत नाही, कारण विम्लधर्मी मातीत लोह लवकरच न विरघळणारे होते. शिवाय फरशीवर पडलेला एक दाणाही गंजाचा डाग सोडतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर फेरस सल्फेटची अर्धा टक्का, म्हणजे लिटरला पाच ग्रॅमची फवारणी जास्त उपयोगी.

कीडनाशकाचे दाणे घरगुती स्प्रेडरमध्ये घालू नका. फोरेटवर डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून देशात पूर्ण बंदी आहे. कपाटात जुने पाकीट पडले असेल तरी ते लॉनवर वापरायचे नाही. मुले ज्या गवतावर अनवाणी खेळतात तिथे असे विष पसरणे कोणत्याही वाळवीपेक्षा, हुमणीपेक्षा वाईट.

## सांडले किंवा पट्टे पडले तर

सांडलेल्या ढिगावर लगेच पाणी ओतू नका. पाणी ओतले की ते सगळे क्षार एकाच जागी मुळांत उतरतात. आधी पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने जमेल तेवढे उचला, उरलेले हलक्या झाडूने दूरवर विखरा, मगच भरपूर पाणी द्या आणि पुढचे दोन दिवस ती जागा पुन्हा भिजवा. दूब (हरळी) असेल तर जळलेला डाग धावत्या फांद्यांनी तीन-चार आठवड्यांत भरून येतो. कोरियन गवत सावकाश वाढते, त्याला बरेच जास्त दिवस लागतात.

पट्टे दिसले की फिक्या पट्ट्यांवर अंदाजाने खत टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. तीन-चार आठवडे थांबून पुढचा हप्ता निम्मा-निम्मा करून तिरक्या फेऱ्यांनी द्या. डिसेंबर-जानेवारीत रंग उतरला तर तो थंडीमुळे असतो, तेव्हा खत देऊ नका.

काम झाले की उरलेले खत हवाबंद डब्यात परत, आणि मशीन त्याच दिवशी धुवायचे. खताचे क्षार लोखंडाचा आस आणि गिअर खातात. भोके, ढवळणीची काडी आणि चकतीची पाती जुन्या टूथब्रशने घासून उन्हात पूर्ण सुकवा, आसाला तेलाचे दोन थेंब द्या आणि शटर उघडे ठेवून मशीन ठेवा, म्हणजे पट्टी चिकटून बसत नाही. डब्याच्या बाहेरून एक चिकटपट्टी लावून तिच्यावर खताचे नाव, डायलचा आकडा, कामाची रुंदी, ५० फुटांत पडलेले वजन आणि कोण चालले ते लिहून ठेवा.